टॅबलेटने घेतलेला नेम

कीर्तनात झोपणं, कीर्तनात बोलणं, कीर्तनातून मध्येच उठून जाणं हे दोष आहेत, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. कीर्तनात जांघियाची जाहिरात लागली तर दोष कोणाच्या माथी, याबद्दल मात्र बुवालोक काही सांगत नाहीत. म्हणून तो मी स्वतःकडे घेतला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

आमच्या जळगावच्या कॉलनीत विठ्ठलाचं छोटं मंदिर आहे. एकादशीला कीर्तनकार मिळाला तर उत्तमच, नाही तर ट्रस्टचा टॅबलेट मोठ्या टीव्हीला जोडायचा आणि एखाद्या चांगल्या बुवांचं कीर्तन लावायचं, ही आमची पद्धत. टॅबलेट माझ्या ताब्यात असतो. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं मी आवक-जावक विभागात होतो. त्यामुळे ज्या वस्तूला कुलूप, किल्ली किंवा पासवर्ड आहे, ती लोक आपोआप माझ्या हातात देतात.

त्या एकादशीला आख्यान रंगात आलं होतं. गरीब भक्त देवाच्या वाड्याशी पोचलेला, द्वारपाल त्याला अडवतोय, आतून देव अनवाणी निघालेला. बुवांनी हात वर करून टाळ थांबवले. साठ माणसं श्वास रोखून बसली. मी तर रडत होतो. मी कीर्तनात रडतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बुवा हळू आवाजात म्हणाले, "दार उघडलं, आणि समोर उभा राहिला..."

समोर उभा राहिला एक दणकट तरुण, फक्त जांघियावर. दिवसभर आपल्याला किती मोकळं वाटतं, हे तो हिंदीत सांगू लागला. मी टॅबलेटकडे धावलो, पण "जाहिरात वगळा" हे बटण यायला पाच सेकंद लागतात आणि विठ्ठलासमोर पाच सेकंद फार मोठे असतात. पहिल्या रांगेत तोताराम आबांचा डोळा लागला होता. एकदम शांतता झालेली ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि सवयीने दोन्ही हात जोडले.

प्रसाद घेताना दुसऱ्या रांगेतल्या कुंदाबाई म्हणाल्या, "नाना, आज देवदर्शन फारच मोकळं झालं."

मी घरी येऊन जेवलो नाही. एकादशी होती म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुंदाबाईंचं म्हणणं, टीव्हीशेजारी एक माणूस टॉवेल घेऊन उभा करा, जाहिरात आली की टाकला टॉवेल. ट्रस्टचे सेक्रेटरी रुपचंदभाऊ, ज्यांची फैजपूरला केळीची बाग आहे, म्हणाले की टॅबलेटच विका. माझी बायको लताबाई म्हणाली, "तुम्ही दोन महिने टॅबलेटपासून लांब बसा." हा सल्ला सगळ्यात शहाणा होता, हे आता लिहितोय. तेव्हा मी तो अपमान समजलो.

शेवटी मी चांदभाईंकडे गेलो. स्टेशन रस्त्याला त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि पन्नाशीच्या या माणसाइतका शांत माणूस मी पाहिला नाही. ते म्हणाले, "नाना, असं समजा. टॅबलेटला कुठली साइट उघडायची असली की तो आधी कोणाला तरी पत्ता विचारतो. त्या पत्ता सांगणाऱ्याला डीएनएस म्हणतात. आपण त्या जागी एक सज्जन माणूस बसवू. वाईट घराचा पत्ता विचारला की तो म्हणेल, मला माहीत नाही."

अशी उपमा बुवांनाही सुचली नसती. मी तिथेच हात जोडले.

"पण दोन गोष्टी ऐका," चांदभाई म्हणाले. "कीर्तन आणि त्याच्यातली जाहिरात एकाच घरातून येतात, त्यामुळे ती थांबेलच असं नाही. आणि यात नोंद राहते. कोणाकडून केव्हा काय उघडलं, सगळी. ती बंद ठेवा."

पहिली गोष्ट मी ऐकलीच नाही. दुसरी ऐकली, पण ती आवक-जावकवाल्याला सांगायला नको होती.

टॅबलेट ट्रस्टचा असल्यामुळे सेटिंग बदलायला ठराव हवा होता. रुपचंदभाऊ नियमाचे पक्के. त्यांनी तीन कोटेशनं मागितली. मी म्हटलं, ही सेवा फुकट आहे. ते म्हणाले, "मग तीन फुकटची आणा. सर्वांत कमी दराची घेऊ." मी खरंच तीन आणली. तिन्हींचा दर शून्य आल्यामुळे निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या सभेत, माझ्या अक्षराला मान देऊन, पहिलं मंजूर झालं.

मग मी सेटिंगमध्ये शिरलो. सज्जन माणसाचं नाव लिहायच्या जागी मी कार्यालयीन सवयीने पुढेमागे सगळं लावून पूर्ण पत्ता लिहिला. टॅबलेटला ते पसंत पडलं नाही आणि त्याने जगाशी बोलणंच बंद केलं. तीन दिवस मी टॉवरवाल्यांना फोन करून रागावत होतो. चांदभाईंनी पुढचं-मागचं पुसून फक्त नाव ठेवलं आणि टॅबलेट बोलू लागला. टॉवरवाल्यांची माफी मागायची राहून गेली आहे.

आता बातम्यांमधल्या जाहिराती गेल्या, पत्त्यांच्या जुगाराच्या गेल्या, कीर्तनातला तरुण मात्र तसाच उभा. मी चिडून तो जिथून येत होता तो पत्ता बंद केला, तर कीर्तनही बंद झालं. पुन्हा उघडला, दोघं हातात हात घालून परत आले. शेवटी एकादशीला टॉवेलच वापरावा लागला. पण तोवर हा मुद्दा माझ्यासाठी गौण झाला होता, कारण मला नोंद सापडली होती.

काय ती नोंद. दिनांक, वेळ, कोणाकडून, कुठे. मंजूर हिरव्यात, नामंजूर लाल रंगात. बत्तीस वर्षं मी अशा रजिस्टरची स्वप्नं पाहिली होती. एका टॅबलेटवर भागेना. मग मला ती कल्पना सुचली जिची आज सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण त्या वेळी ती मला भक्तीच वाटली होती.

आपण गळ्यात माळ घालतो, नेम घेतो. मी ठरवलं, उपकरणांनाही नेम द्यायचा. पुढच्या एकादशीला आरतीनंतर अकरा घरांनी आपापले फोन-टॅबलेट विठ्ठलापुढे ठेवले. मी प्रत्येकाला तुळशीपत्र लावलं, सेटिंग घातलं, आणि घरच्या कर्त्याने पायरीला हात लावून म्हटलं की हे सेटिंग मी काढणार नाही, घरात कोणाला काढू देणार नाही. नोंदीत नावं मी रेशनकार्डाच्या पद्धतीने घातली: घर एक, नाव कुटुंबप्रमुखाचं. अकरा घरं, अकरा नावं, सुटसुटीत.

त्यानंतर रोज पूजा झाली की मी चहा घेऊन नोंद वाचायला बसायचो. लताबाई विचारायची, "काय वाचता एवढं?" मी म्हणायचो, "सेवा." कुठला पत्ता संशयास्पद वाटला की मी स्वतःच्या अधिकारात तो बंद करायचो. कोणी तक्रार केली नाही. मला वाटलं, सगळे सुधारले.

आणि एक दिवस तोताराम आबांच्या नावापुढे लग्न जुळवणारी साइट माझ्या नजरेस आली. दुपारी अडीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच. तिसऱ्या दिवशीही.

तोताराम आबा वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, पत्नीला जाऊन सहा वर्षं झालेली. दुपारी अडीचला ते घोरत असतात हे सगळ्या कॉलनीला ऐकू येतं. घरात त्यांची मुलगी ज्योत्स्नाही राहते, सकाळच्या शाळेत गणित शिकवते, चार वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी होऊन परत आलेली. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पण नोंदीत नाव तोतारामचं होतं, आणि नोंदीत जे आहे त्यापलीकडे बघायची मला सवय नाही.

मी ती साइट बंद केली. आबांच्या भल्यासाठी. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सत्संगात पाच मिनिटं चिंतन सांगायची माझी पाळी होती. मी विषय घेतला उतारवयातलं वैराग्य. "काही माणसं," मी म्हणालो, "देवाने सगळ्या पाशांतून सोडवल्यावरही, दुपारी अडीच वाजता, नवा पाश शोधत असतात." आणि मी आबांकडे बघितलं. नाव घेतलं नाही, फक्त बघितलं. साठ माणसांनी माझ्या नजरेमागे मान वळवली. आबांनी हात जोडले.

मंगळवारपर्यंत कॉलनीला कळलं की आबांना लग्न करायचंय. त्यांनी नवा चष्मा केला होता, तो पुरावा ठरला. कुंदाबाई, ज्या वीस वर्षं त्यांच्या मागच्या रांगेत बसत आल्या होत्या, उठून पार खांबापलीकडे गेल्या.

आबा मला म्हणाले, "नाना, लोक माझ्याकडे असं काय बघतात हो?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आबा, मन शांत ठेवा."

हे वाक्य आठवलं की मी अजून रस्त्यात थांबतो.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ज्योत्स्ना आमच्या ओट्यावर आली. हातात टॅबलेट. "नाना, एक साइट उघडत नाही. दोन आठवडे झाले. फोनवरही नाही, यावरही नाही. कंपनीवाले म्हणतात तुमच्या नेटचा घोळ आहे. तुम्हाला यातलं कळतं म्हणून आले. फक्त बाबांना एवढ्यात सांगू नका."

तिने साइटचं नाव सांगितलं.

तीच, लग्न जुळवणारी. मी म्हटलं, "बघतो," आणि टॅबलेट घेऊन आत गेलो. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. पण अर्ध्या मिनिटात बाहेर आलो असतो तर तिला शंका आली असती, म्हणून देवघरासमोर वीस मिनिटं बसलो. देवाकडे बघवलं नाही. नंतर बाहेर येऊन म्हणालो, "झालं. किचकट होतं."

"देव भेटल्यासारखे भेटलात, नाना," ती म्हणाली, आणि तिथेच उघडून बघू लागली. लताबाईने चहा आणला. ज्योत्स्नाने तो घेतला नाही. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

"काय गं?" लताबाई म्हणाली.

"काही नाही, काकू. धुळ्याचे आहेत, नवल नावाचे. आयटीआयला शिकवतात. तीन महिने बोलत होतो आम्ही, इथेच, या साइटवर. त्यांच्या आई मागच्या रविवारी घरी येणार होत्या. मी त्याच दिवशी बाबांना सांगणार होते." ती थांबली. "चार निरोप आलेत, एकात घरचा पत्ता आणि नंबर. शेवटचा परवाचा. तुमची इच्छा दिसत नाही, राग नाही, म्हणे. या रविवारी आई त्यांना दुसऱ्या ठिकाणी मुलगी बघायला नेते आहे."

मी गप्प राहू शकलो असतो. खोटं नको लिहायला, मी दोन घोट चहा होईपर्यंत गप्प राहिलोही. मग म्हणालो, "ज्योत्स्ना, ती साइट मी बंद केली होती."

तिने माझ्याकडे बघितलं. गणिताची बाई, गाळलेली पायरी तिच्या लगेच लक्षात येते. "पण याच साइटचं नाव तुम्हाला कसं कळलं?"

"नोंद असते. मी बघत होतो."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

लताबाईने कप खाली ठेवला.

"आणि मला वाटलं," मी म्हणालो, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, "ते आबा आहेत."

"बाबा?" ती हसली. खरंच हसली, आणि लताबाईही हसली. मग ज्योत्स्नाचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे ते अडीच वाजताचं चिंतन. आणि कुंदामावशी खांबापलीकडे. ते यामुळे?"

"हो."

तिने मांडीवरचा टॅबलेट उचलून छातीशी धरला. नंतर अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाना, सासरी माझा फोन रोज सासूबाई बघायच्या. इकडे आले तेव्हा वाटलं, इथे कोणी बघत नाही."

मी कीर्तनात रडतो हे सांगितलंच आहे. त्या वेळी मला रडूही आलं नाही. रडण्यावर हक्क नव्हता.

"मी काय करू, सांग."

"मला काय विचारता. मी लिहिलं की साइट बंद होती, तर कोण खरं मानेल? तुम्ही केलंय, तुम्ही सांगा. पत्ता देते. फोन नका करू, फोनवर तुम्ही निरूपण कराल. समोर जाऊन सांगा. बाबांना माझं मी सांगते, तुमचं तुम्ही सांगा."

माझं मी संध्याकाळी सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "म्हणजे लोकांना वाटत होतं, मी बायको शोधतोय."

"हो, आबा."

"म्हणून कुंदाबाई उठून गेल्या."

"हो."

"एवढा वाईट दिसतो का मी?" मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "पोरीने मला का नाही सांगितलं, हे विचारणार होतो. पण पायरीला हात लावून घराला कुलूप मीच घातलं ना. ती हे सेटिंग काढू का विचारत होती, मी म्हटलं पाप लागेल."

त्या रात्री आरतीला मी साठ माणसांपुढे उभा राहिलो. आबांचं नाव घेऊन सांगितलं की ते माझं पाप होतं, त्यांचं काही नव्हतं. नोंद पुसून टाकली आहे, सगळ्यांनी सेटिंग काढा, नेम मोडल्याचा दोष माझ्याकडे. ज्योत्स्नाबद्दल एक शब्द बोललो नाही.

मग रुपचंदभाऊ म्हणाले, "तरीच. दोन आठवडे केळीचे भाव बघता येत नव्हते. फैजपूरला फोन करकरून विचारतोय. नेम म्हणून गप्प बसलो." एकाची गॅसची नोंदणी होत नव्हती, एकाला नातवाच्या शाळेचा निकाल दिसला नव्हता. अकराही घरं सोसत होती, आणि मी रोज सकाळी त्या शांततेला सुधारणा म्हणत होतो. कुंदाबाई उठल्या, आपलं आसन उचललं आणि आबांच्या मागे येऊन बसल्या. "नाना," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझंही वाचलंत का?" मी मान खाली घातली. "मग झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याशी महिनाभर बोलू नका."

शुक्रवारी सकाळच्या बसने धुळ्याला निघालो. लताबाई बरोबर आली. "एकटे गेलात तर तिथेही काहीतरी जोडून बसाल," ती म्हणाली.

नवलच्या आई बेबाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, आवाज खणखणीत, बोली अहिराणी. "या, बठा. कोणाकडे येल शेतस?"

वाटेत मी सगळं मनात जुळवलं होतं, पूर्वरंग, उत्तररंग, दृष्टान्त. लताबाईने माझ्याकडे बघितलं. मी ते सगळं सोडलं आणि सांगितलं, मी जळगावचा, ज्योत्स्नाचा शेजारी. तुमच्या मुलाचे निरोप तिला मिळाले नाहीत. मी तिच्या घरातून न विचारता ती साइट बंद केली होती. तिने नाही म्हटलेलं नाही.

बेबाबाईंनी लसणाचं सुपडं बाजूला केलं. "मंग पोरना काही दोष नही शे?"

"नाही."

"बठ्ठा तुमनाच शे?"

"बठ्ठा माझाच. सगळा."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. एवढं मोठं माणूस दोन तास बसने येऊन असं सांगतं, यात काही डाव आहे का, हे त्या बघत असाव्यात. मग लताबाईकडे बघून त्यांची खात्री पटली असावी. "रविवारनं मी काय ते बघसू," त्या म्हणाल्या. आणि थोडं पुढे सरकून, "सांगा मंग. पोर कशी शे?"

आता बघा. महिनाभराची नोंद पुसली होती, पण माझ्या डोक्यातून थोडीच पुसली होती. ती कुठल्या दिवशी शिवणकामाचं बघते, परीक्षेच्या दिवसांत किती वेळ शाळेचं काम करते, शुक्रवारी जुनी गाणी ऐकते, कुठल्या दवाखान्याची साइट तिने केव्हा उघडली, सगळं मला माहीत होतं. सगळं चांगलंच होतं. सांगितलं असतं तर सोयरीक तिथेच जुळली असती. बत्तीस वर्षं कोणी नोंद मागितली आणि मी दिली नाही, असं झालेलं नाही.

"ते तिलाच विचारा," मी म्हणालो.

"तुम्ही शेजारी शेतस ना?"

"शेजारी आहे म्हणूनच."

बेबाबाई थोड्या हसल्या. "लावा मंग नंबर."

मी माझ्या फोनवरून नंबर लावला. ज्योत्स्नाने उचलला. "बेबाबाई बोलताहेत," एवढंच म्हणून फोन त्यांच्या हातात दिला आणि उठलो. लताबाई बसूनच होती. मी तिला खुणावलं. ती नाराजीने उठली.

आम्ही ओट्यावरून उतरून समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहिलो. बेबाबाईंचा आवाज तिथपर्यंत येत होता. त्या काहीतरी विचारत होत्या, मग थांबत होत्या, मग एकदा मोठ्याने हसल्या.

"काय म्हणत असेल हो ती?" लताबाई म्हणाली. "जरा जवळ जाऊ या का?"

"लांब जाऊ या," मी म्हणालो. आणि गल्ली जिथे वळते त्या टोकापर्यंत आम्ही चालत गेलो, काहीच ऐकू येईनासं होईपर्यंत.